डबा खायची खोली

पुण्याला जायचं माझं जवळजवळ पक्कं झालं होतं. धाकटी बहीण तिथल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात नर्स आहे. तिनं माझ्यासाठी शब्द टाकला, फोनवर बोलणं झालं, आणि पुढच्या महिन्यात रुजू व्हा, असं त्यांनी सांगितलं. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली होती, सासूबाईंना अर्धीमुर्धी, आणि दवाखान्यात कुणालाच नाही.

मी आमच्या तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात काम करते, नवजात बाळांच्या कक्षात. माहेर घाटावरच्या बीबी गावचं. लग्न होऊन घाटाखाली आले तेव्हा इथलं ऊन आणि इथली बोली, दोन्ही अंगवळणी पडायला वेळ लागला. बायका 'मले', 'तुले' म्हणायच्या आणि मी 'मला' म्हटलं की हसायच्या. म्हणायच्या, सिस्टर पुस्तकातलं बोलतात. नवरा मलकापूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये आहे. सकाळच्या गाडीनं जातो, दिवेलागणीला येतो. मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

नोकरी का सोडतेस, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा मला धड सांगता आलं नाही. काम नकोसं झालं होतं असं नाही. कक्षात येणारी बाळं वेळेआधी जन्मलेली, वजनानं कमी, काही तर माझ्या हाताच्या तळव्यावर मावतील एवढी. त्यांच्या पावलाला बोट लावून अंग गार पडतंय का ते पाहणं, नळीतून थेंबथेंब दूध देणं, हे मला आवडायचं. नकोसं झालं होतं ते कामाच्या भोवतालचं. ड्यूटीचा तक्ता आदल्या संध्याकाळी बदलायचा. दोघींचं काम एकीवर यायचं. आत बाळाची बारीकशी शीर शोधत असताना बाहेरून कुणीतरी दार बडवायचं, 'ओ सिस्टर, अजून किती टाइम?' आणि त्यात आम्ही बऱ्याचजणी कंत्राटी. पुढच्या वर्षी आपण इथं असू की नाही, ही धाकधूक कायमची.

हे सगळं मी धकवून नेत होते. मग एका रविवारी घरी पाहुणे आले आणि मी नेमकी ड्यूटीवर. त्यांनी माझ्या मुलीला विचारलं, "आई कुठं गेली गं?" ती खेळता खेळता म्हणाली, "आई दवाखान्यात राहते. इथं फक्त झोपायला येते." सासूबाईंनी मला हे हसत हसत सांगितलं. मीही हसले आणि मोरीत जाऊन भांडी घासायला बसले. ती भांडी आधीच घासलेली होती. दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन केला. तिथं ड्यूटीच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि मुलीला मी बरोबर नेणार होते.

आता त्या खोलीविषयी सांगते. आमच्या कक्षाला लागून एक अरुंद खोली होती. आधी तिथं मोडक्या खाटा आणि गंजलेले सलाइनचे स्टँड पडलेले असायचे. आम्हाला डबा खायला जागाच नव्हती. कुणी औषधांच्या कपाटाआड उभ्या उभ्या दोन घास खायची, कुणी घरी जाऊनच जेवायची. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी त्या खोलीसाठी वरच्या साहेबांच्या मागे लागून लागून ती मिळवली. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. उंच, सावळ्या, चालताना किंचित लंगडणाऱ्या. राग आला तरी आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. खोली मिळाली त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून ती धुतली. एकीनं घरून पडदा आणला, एकीनं प्लास्टिकच्या खुर्च्या. मी चटई आणली. खिडकीतून मागचं कडुलिंबाचं झाड दिसायचं. पंधरा मिनिटं का होईना, पाय पसरून बसता यायचं आणि एकमेकींच्या डब्यातली भाजी खाता यायची. मोठं सुख होतं ते. नोकरीत मला काय काय मिळालं असं कुणी विचारलं असतं, तर मी तेव्हा पगाराच्या आधी ती खोली सांगितली असती.

पुण्याचं ठरलं त्याच आठवड्यात एक बाळ आलं.

आई पहिलटकरीण होती, मळ्यात भाजीपाला करणाऱ्या घरातली. दिवस भरायला बराच अवकाश होता. दुपारी तिला झटके येत असताना रिक्षातून आणलं. रक्तदाब फार वाढलेला. बाळंतपण इथंच करावं लागलं. बाळ जेमतेम सव्वा किलोचं, रडलं तेही मांजराच्या पिलासारखं. ते आमच्याकडे आलं, आणि आईची अवस्था पाहून तिला ताबडतोब अकोल्याला हलवायचं ठरलं. अॅम्ब्युलन्समध्ये तिच्याबरोबर तिची आई चढली. नवरा चढायला गेला तर सासू म्हणाली, "तुम्ही लेकरापाशी थांबा. तिच्यापाशी मी हावो."

मी बाळाचे कागद घ्यायला बाहेर आले तेव्हा तो दाराशी उभा होता. पंचविशीच्या आसपासचा, उन्हानं रापलेला, पांढऱ्या शर्टावर रक्ताचे डाग. हातात बायकोच्या चपला होत्या. गडबडीत तिच्या पायातून निघाल्या असाव्यात. अॅम्ब्युलन्स गेली त्या रस्त्याकडे पाहावं की आमच्या दाराकडे, हे त्याला कळत नव्हतं.

"दादा," मी म्हटलं, "बाळ श्वास घेतंय. आत्ता बरं आहे."

"पोरगं हाय का पोरगी?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. "मुलगी आहे," मी म्हटलं.

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "सिस्टर, माह्या सासूले कोनं सांगतलं का? ती शुद्धीवर आली म्हंजे इचारीन."

पहिले दिवस कठीण गेले. बाळाला ऑक्सिजन होता, नळीनं अगदी थोडं दूध. आईचं दूध नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं पावडरचं. अकोल्याहून फोन यायचा, कधी बरा, कधी वाईट. तो बाप कक्षाच्या काचेतून दिवसातून कितीदा तरी पाहून जायचा. मळ्यावर सकाळी पाणी देऊन यायचा आणि दुपारभर व्हरांड्यात बसायचा. त्याची आईही यायची. म्हातारी काटक होती, पण तिला सतत खोकला. तिला आम्ही आत घेत नव्हतो, आणि तिलाही ते पटलेलं होतं. "माह्या खोकल्यानं तिले काई होईन," म्हणून ती आपण होऊन लांब बसायची, पदर तोंडाशी धरून.

हळूहळू बाळाचा ऑक्सिजन निघाला. पण वजन हलेना. उबेच्या पाळण्यातून जरा बाहेर काढलं की अंग गार पडायचं. पाळणे मोजकेच आणि बाहेर आणखी बाळं रांगेत. सकाळच्या फेरीत डॉक्टर म्हणाले, "हिला आता माणसाची ऊब पाहिजे. कांगारूसारखं छातीशी धरायला कोण आहे?"

आई अकोल्याला. आईची आई तिच्यापाशी. म्हातारीला खोकला.

"बाप आहे," ताई म्हणाल्या.

आमच्याकडे तोवर बापानं बाळ छातीशी धरल्याचं मी पाहिलं नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं. ताईंनी त्याला बोलावलं आणि समजावून सांगितलं. शर्ट काढायचा, बाळाला नुसतं लंगोट आणि टोपी, आणि उघड्या छातीवर उभं धरून वरून फडक्यानं बांधायचं. तास दोन तास हलायचं नाही.

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मी? माह्याच्यानं होईन का हे?"

"काऊन नाही होनार?" ताई म्हणाल्या.

"माहे हात पाहा न, सिस्टर." त्यानं तळवे पुढं केले. भेगा पडलेले, नखांत मळ्याची माती. "अन् तिथं सगळ्या बायका राह्यतात. मी उघडा कसा बसू?"

हे मात्र खरं होतं. आया बाळांना जवळ घेऊन बसायच्या ती खोली बायकांची. दूध पाजत, अंग मोकळं टाकून बसलेल्या. तिथं परका पुरुष बसवणं शक्यच नव्हतं. व्हरांड्यात बसवावं तर धूळ आणि येणारे जाणारे.

ताईंनी आमच्याकडे पाहिलं. काय म्हणणार ते मला त्या बोलायच्या आधीच कळलं.

"आपली खोली देऊ," त्या म्हणाल्या.

"मग आपण जेवायचं कुठं, ताई?" एकजण म्हणाली.

"पाहू. थोड्या दिवसाचीच तं गोष्ट हाय."

कुणालाच आनंद झाला नाही. आम्हीच धुतलेली, आम्हीच सजवलेली खोली. ती पुन्हा मोकळी केली, फरशी पुसली, खुर्च्या बाहेर काढल्या. प्रसूती विभागातून एक मागे टेकायची खुर्ची आणली. माझी चटई गुंडाळून मी कपाटावर ठेवली. आमचे डबे गेले परत औषधांच्या कपाटाआड.

त्यानं हात धुतले. मी कोपरापर्यंत धुवायला सांगितलं होतं. तो धूतच राहिला. ब्रशनं नखं घासली, पुन्हा साबण लावला. "पुरे आता, दादा," मी म्हटलं तेव्हा थांबला. खुर्चीत बसून पाठमोरं होऊन त्यानं शर्ट काढला. मी बाळ आणलं. त्याच्या छातीवर बाळाला ठेवलं, मान एका बाजूला वळवली, पाय बेडकासारखे दुमडले, आणि वरून मऊ फडकं बांधलं. त्याचे दोन्ही हात हवेतच होते. कुठं ठेवावे ते त्याला कळेना. मी एक हात बाळाच्या बुडाखाली ठेवला, एक पाठीवर.

तो दगडासारखा बसला होता. मी जरा वेळ पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं.

"दादा, तुम्ही श्वास घ्या."

"घेतला तं हालन न ते."

"हलू द्या. तिला तुमचा श्वास कळला पाहिजे."

त्यानं हळूच श्वास सोडला. बाळ त्याच्या छातीबरोबर वर गेलं, खाली आलं. मग त्यानं मान वाकवून टोपीकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांतून सरळ पाणी आलं. पुसायला हात मोकळे नव्हते. मी गॉजचा तुकडा घेऊन त्याचे डोळे पुसले. नात्यातल्या पुरुषाचेसुद्धा मी कधी पुसले नव्हते.

अर्ध्या तासानं बाळाचा पाय पाहिला. कोमट होता. तासाभरानं चांगला गरम.

मग ते रोजचं झालं. सकाळी मळ्यावर पाणी देऊन, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तो यायचा. खुर्चीत बसला की बाळाशी बोलायला लागायचा. दार उघडं ठेवावं लागायचं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं. गाणं वगैरे नाही. मळ्याचा हालहवाल, वांग्यांचा, सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा. "आज वांग्याले फुलं धरली. सांभार जराक पिवळा पडून राह्यला, पाह्यतो काय करावं तं. तुह्या मायचा फोन आल्ता, ती बसली म्हने आज उठून." आमच्यातल्या ज्या खोलीसाठी कुरकुरत होत्या त्याही जाता येता दाराशी रेंगाळायला लागल्या. एकजण म्हणाली, "याच्या मळ्यात काय चाललंय ते मला आता माझ्या घरापेक्षा जास्त माहीत आहे."

एक दिवस म्हातारी त्याचा डबा घेऊन आली. आम्ही तिला दाराच्या बाहेरच थांबवलं. तिथून तिनं पोराला पाहिलं, उघडा, छातीशी फडक्यात बांधलेली नात, टोपीचं टोक तेवढं दिसतंय. ती पदराआड हसली. मग डबा खाली ठेवून दारासमोरच बसून राहिली.

"काय झालं, मावशी?" मी विचारलं.

"काई नाही वं. याच्या बापानं याले कधी उचललं नोतं. मानूस चांगला होता, पन लाजे. मान्सानं लेकरू घेतलं तं लोक हासत." ती तशीच पाहत राहिली. "त्यालेही वाटत असन न घ्यावं. मले कधी बोल्ला नाही."

वजन हललं. रोज थोडं थोडं. ताई स्वतः वजनकाट्यापाशी उभ्या राहायच्या आणि आकडा वाढलेला दिसला की मला कोपरानं ढोसायच्या.

याच दिवसांत ताईंना पुण्याचं कळलं. सासूबाई शेजारी बोलल्या असणार. गाव लहान आहे. आम्ही दोघी कपाटाआड उभ्या उभ्या डबा खात होतो. ताईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू पुण्याले जाऊन राह्यली म्हनते?"

"हो, ताई. सांगणारच होते."

"जा. मी थांब नाही म्हननार. तिथं पैसा हाय, सोयी हायेत. पन एक सांग मले. काय असतं तं तू इथं थांबली असती?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. नवऱ्यानं का जातेस ते विचारलं होतं, बहिणीनं कधी येतेस ते. मी विचार केला. पगार म्हणावं तर तो ताईंच्या हातात नव्हता. कायम होणंही नव्हतं. मनात जे वर आलं ते मी बोलून टाकलं.

"मला आठवडाभर आधी कळायला हवं होतं, ताई, की कधी कोणती ड्यूटी आहे. म्हणजे मुलीला सांगता आलं असतं, बुधवारी मी शाळेत सोडायला येते म्हणून. आता मी तिला काहीच कबूल करू शकत नाही. केलं की मोडावं लागतं."

ताईंनी हातातला तुकडा डब्यात परत ठेवला. मग त्यांचा आवाज खाली आला. "एवढंच?"

मला लाज वाटली. "एवढंच."

"एवढ्यासाठी माही चांगली सिस्टर चालली, अन् मले माहीतच नाही," त्या म्हणाल्या. राग माझ्यावर नव्हता.

दोनच दिवसांनी सकाळी ते झालं. मी पलीकडच्या बाळाला औषध देत होते. खोलीतून त्याचा आवाज आला, ओरडला नाही, पण आवाज वेगळा होता. "सिस्टर. हे थांबलं."

मी धावले. त्याच्या छातीवर बाळ निपचित होतं, ओठ निळसर. फडकं सोडून मी बाळाला हातावर घेतलं, पाठ चोळली, तळव्यावर टिचकी मारली. एक क्षण काही नाही. पुन्हा टिचकी. मग बाळानं आचका दिला आणि श्वास ओढला, रडलं. मी तिला आत नेलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. वेळेआधी जन्मलेली बाळं कधी कधी श्वास घ्यायलाच विसरतात. हे आम्ही जाणतो.

डॉक्टरांनी तपासलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "सिस्टर, तुम्ही रोज हाताळता हिला. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "सर, कालपासून पोट जरा फुगीर वाटतंय. पहाटेचं दूध पूर्ण जिरलेलं नव्हतं. आणि आज सकाळी पकडही ढिली वाटली."

त्यांनी पुन्हा पोटावर हात ठेवला, मान डोलावली. "दूध थांबवू. रक्त तपासायला पाठवा, आणि अँटिबायोटिक आत्ताच सुरू करू. बरं झालं तुम्ही बोललात."

एवढंच. त्यांना कदाचित दुपारपर्यंत आठवलंही नसेल. पण 'तुम्हाला काय वाटतं?' हे वाक्य मी घरी घेऊन आले. भाजी फोडणीला टाकताना आठवत होतं, मुलीची वेणी घालताना आठवत होतं. नवऱ्यानं विचारलं, "आज काय झालं? चेहरा निराळाच दिसतो." मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला बऱ्याच दिवसांनी कुणीतरी विचारलं." त्याला माझ्याआधी कळलं होतं.

बाप मात्र हादरला होता. व्हरांड्यात डोक्याला हात लावून बसला. "माह्यामुळं झालं का, सिस्टर? मी जोरात धरलं का?"

"नाही, दादा. तिच्या पोटात जंतुसंसर्ग झालाय. तुमच्या छातीवर होती म्हणून लगेच कळलं. पाळण्यात असती तर मला दिसायला वेळ लागला असता."

हे मी त्याची समजूत काढायला बोलले नव्हते. ते तसंच होतं. तरी तीन-चार दिवस तो काचेपाशीच उभा राहिला. औषध लागू पडलं, पोट बसलं, दूध पुन्हा सुरू झालं. मी त्याला आत बोलावलं तेव्हा तो आधी नको म्हणाला. मग न सांगता हात धुवायला गेला.

मधल्या काळात ताईंनी आम्हा सगळ्यांना एका दुपारी एकत्र बसवलं, ड्यूटी बदलायची वेळ साधून. म्हणाल्या, "आपापली अडचन सांगा. एकदाच सांगा, पन खरी सांगा." एकीच्या सासऱ्यांना ठरलेल्या वारी डायलिसिसला न्यावं लागायचं, ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. एकीला लागोपाठच्या रात्री झेपत नव्हत्या, पण दुसरीला रात्रीच बऱ्या पडायच्या, कारण दिवसा तिला घरचं लहान मूल सांभाळता यायचं. आम्ही इतक्या वर्षांच्या सोबती, आणि हे एकमेकींना माहीत नव्हतं. तक्ता ताईंनी आमच्या समोर बसून केला, आठवड्याचा, आणि तो मोडायचा तर आधी विचारायचं असं ठरलं. साहेबांकडे जाऊन त्या ते मंजूर करून आल्या. तिथं काय बोलल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आल्या तेव्हा आवाज फार खाली होता, यावरून मी काय ते समजले.

आणि मग बाळाची आई आली.

अकोल्याहून तिला सुटी मिळाली आणि ती घरी न जाता थेट आमच्याकडे आली. चेहरा पांढराफटक, पाय सुजलेले, आईच्या खांद्याला धरून चालत होती. बाळंतपणानंतर तिनं बाळ पाहिलंच नव्हतं, नवऱ्यानं मोबाइलवर दाखवलं तेवढंच. मी तिला खोलीच्या दाराशी आणलं. नवरा खुर्चीत डोळे मिटून बसला होता, छातीशी बाळ. तिची चाहूल लागून त्यानं डोळे उघडले.

ती पुढं झाली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "सिस्टर, हे मले ओळखीन का? मी तं तिच्यापाशी नोतीच. ते याचंच झालं आता."

मला माझ्या मुलीचं वाक्य आठवलं. नवऱ्याला उठवून मी तिला खुर्चीत बसवलं. नवऱ्यानं फडकं सोडलं, पण बाळ द्यायच्या आधी त्यानं टोपीवर गाल टेकवला, एकदा. मी बाळ तिच्या छातीवर ठेवलं. बाळ जरा कुरकुरलं, तोंड इकडून तिकडे फिरवलं, शोधल्यासारखं, आणि मग तिच्या स्तनाशी येऊन थांबलं. ओढायला अजून ताकद नव्हती. नुसते ओठ लावून राहिलं.

"पाहा," मी म्हटलं. "कुणी शिकवलंय का तिला?"

ती रडायला लागली, आणि तिचा नवरा, हातात रिकामं फडकं घेऊन, घाईघाईनं तिला सांगायला लागला, "रडू नको. तू रडली तं ती हालते. श्वास घे. तिले तुहा श्वास कळला पाह्यजे." मी बाहेर आले. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पाणी प्यायले.

त्या दिवशी घरी आल्यावर मी मुलीला मांडीवर घेतलं आणि सांगितलं की बुधवारी मी तुला शाळेत सोडायला येणार. "खरंच?" तिनं विचारलं. मी म्हटलं, खरंच. आणि गेले. तिनं माझा हात धरून मला तिच्या सगळ्या बाईंना दाखवलं.

पुण्याला फोन मी त्या बुधवारीच केला. बहीण रागावली. तिचं बरोबर होतं, तिनं माझ्यासाठी शब्द टाकला होता. पगार तिथं जवळजवळ दुप्पट होता, हेही तिनं पुन्हा सांगितलं. मी काही मोठं कारण दिलं नाही. म्हटलं, इथं माझं बरं चाललंय. रात्री नवऱ्यानं विचारलं, "पक्कं ना? नंतर म्हणू नको, मी अडवलं." मी म्हटलं, "पक्कं." त्यानं मलकापूरहून जिलबी आणली होती. म्हणजे त्याला आधीच वाटलं असावं. किंवा मी जाते म्हटलं असतं तरी त्यानं जिलबीच आणली असती; तसाच आहे तो.

सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. मी अजून कंत्राटीच आहे. दार अजून बडवलं जातं. ठरवलेला तक्ता कुणी आजारी पडलं की कोसळतो आणि आम्ही तो पुन्हा उभा करतो. ताई निवृत्त होऊन शेगावला लेकाकडे राहायला गेल्या. खोली आम्हाला परत मिळाली, पण लगेच नाही. त्या बापाला पाहून इतर बाळांच्या आयाही विचारायला लागल्या, आमच्या मालकांनी घेतलं तर चालेल का, आणि मग पुष्कळ दिवस तिथं कुणी ना कुणी उघड्या छातीनं बसलेला असायचा. पुढं साहेबांनी बापांसाठी निराळी जागा करून दिली. तोवर आम्ही कपाटाआडच जेवलो, आणि गंमत म्हणजे कुरकुर कुणीच केली नाही.

ते कुटुंब घरी गेलं त्या दिवशी उन्हं चढली होती. बाळ तोवर चांगलं बाळसं धरू लागलं होतं, आईचं दूध ओढत होतं. म्हातारीचा खोकलाही औषधानं गेला होता. तिनं पहिल्यांदा नातीला हातात घेतलं, आणि घेतल्या घेतल्या पोराकडे देऊन म्हणाली, "धर बाप्पा, तुलेच सवय हाय." रिक्षा फाटकाशी आली होती. बाळ बायकोकडे देऊन तो पुढं गेला, सामान ठेवून परत आला आणि माझ्यापुढं थांबला.

"सिस्टर," तो म्हणाला, "घरी गेल्यावर बी घेऊ न तिले? छातीशी?"

"घ्या की. ती घेऊ देईल तितकी."

"लोक हासतीन."

"हसू द्या."

"हाव," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. रिक्षात बायकोच्या शेजारी बसला, बाळ तिच्याकडून मागून घेतलं आणि शर्टाची वरची दोन बटणं उघडून आत धरलं. रिक्षा वळेपर्यंत मी उभी होते. मग आतून हाक आली, एक नवीन बाळ येत होतं, आणि मी हात धुवायला गेले.